माऊसखालची चटई

‘नातवाने संगणकाच्या माऊसखाली घालायला चांगली मॅट मागितली आहे. समोर एवढे मोठे टेबल असताना या निराळ्या चटईची गरज ती काय? आणि घ्यायचीच तर फुकट मिळते ती का नको?’ असा प्रश्न बेळगावच्या एका वाचक भगिनींनी पत्रातून विचारला आहे. प्रश्न शे-दोनशे रुपयांचा आहे, म्हणून तो या सदरात घ्यावा की नाही असा विचार प्रथम मनात आला खरा. परंतु फ्रीज घ्यायचा की नाही, हे घरातील चारचौघे बसून ठरवतात, दुकानदाराला दहा प्रश्न विचारतात आणि महिनाभर खल करतात, तर रोज ज्या वस्तूवर हात टेकायचा तिच्याविषयी कोणी क्षणभरही विचार करीत नाही. असा विचार न केल्याची किंमत कधीकधी भलत्याच माणसाला मोजावी लागते. म्हणून या महिन्याचा लेख त्या चटईवर.

वस्तुतः हाताखाली किंवा हत्याराखाली काय आहे याची जाण आपल्या घरांतून पूर्वापार आहे. पोळपाट ओट्यावर सरकू लागला की गृहिणी त्याखाली ओलसर फडके घालते. हा उपाय तिला कोणी पुस्तकातून शिकवलेला नसतो. डोक्यावर घागर घेणारी स्त्री आधी चुंबळ करते. चुंबळीला स्वतंत्र किंमत नाही, बाजारात ती कोणी विकत घेत नाही, पण तिच्यावाचून भरली घागर चार पावलेही नीट जात नाही. कॅरम खेळणाऱ्यांना तर या विषयावर व्याख्यानच देता येईल. बोर्ड गुळगुळीत हवा, पण किती? दमट दिवसांत सोंगट्या अडखळतात म्हणून पावडर टाकायची, ती जास्त पडली की स्ट्रायकर हाताबाहेर जातो आणि राणीऐवजी स्वतःच भोकात पडतो. पृष्ठभाग आणि हात यांच्यात एक करार असतो. तो पाळला गेला तरच नेम शिकता येतो. माऊसच्या चटईचा सगळा प्रश्न या एका खेळात सामावलेला आहे, असे म्हटले तरी चालेल.

लेखनाच्या बाबतीत तर आपल्या पूर्वजांनी या पृष्ठभागासाठी फार कष्ट घेतले. पंतोजींच्या शाळेत धूळपाटी असे. फळीवर बारीक धूळ किंवा विटेची भुकटी पसरून तीवर काडीने अक्षर गिरवायचे आणि फळी हलवून पुन्हा सपाट करायची. ‘धुळाक्षरे’ हा शब्द तेथूनच आला. धूळ जाड असली तर अक्षराची कड ढासळे आणि पातळ असली तर काडी फळीवर करकरत असे. पुढे बोरूने कागदावर लिहायचे तर कागद घोटलेला हवा. जुन्नरी आणि दौलताबादी कागदाची ख्याती होती. हातकागदाला खळ लावून तो गुळगुळीत दगडाने किंवा शंखाने घोटून काढीत, तेव्हा कोठे बोरू त्यावर न अडता चाले आणि शाई न फुटता बसे. मोडीसारखी झरझर चालणारी लिपी अशाच पृष्ठभागावर शोभते. खरखरीत कागदावर तिचा सगळा डौल जातो. मौज अशी की आज माऊसला जे हवे ते याच्या नेमके उलट आहे. बोरूला आरशासारखे घोटलेले अंग प्रिय, तर माऊसला सूक्ष्म खरखर प्रिय. असे का, हे समजून घ्यायचे तर या उंदराचा थोडा इतिहास पाहावा लागेल.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगलबार्ट या अभियंत्याने या साधनाची कल्पना मांडली आणि त्याचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ साली पहिला नमुना तयार केला. तो चक्क लाकडाचा ठोकळा होता. खालच्या अंगाला एकमेकींशी काटकोनात बसवलेली धातूची दोन चाके. एक उभी हालचाल मोजी, दुसरे आडवी. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅनफ्रान्सिस्को येथे एंगलबार्टने सुमारे दीड तासाचे जे प्रात्यक्षिक दिले, त्यात जगाने हे साधन प्रथम जाहीरपणे पाहिले. १९७० साली पेटंट मिळाले ते संस्थेच्या मालकीचे. शोध लावणाऱ्याच्या पदरी त्यातून द्रव्य असे फारसे पडले नाही. एंगलबार्ट २०१३ साली वारला.

चाकांच्या जागी पुढे गोळी आली. ही गोळी टेबलावर घरंगळे आणि आत दोन लहान रुळांना फिरवी. येथे चटईची खरी गरज उत्पन्न झाली. टेबलाचा पत्रा गुळगुळीत असला की गोळी फिरण्याऐवजी घसरे. हात पुढे गेला तरी पडद्यावरचा बाण जागीच राही. म्हणून कापडी अंगाची, रबरी बुडाची चटई आली. तिने गोळीला पकड दिली. त्याबरोबर एक व्याधीही दिली. कापडावरचा तंतू आणि हाताचा मळ गोळीबरोबर आत जाऊन रुळांवर काळ्या पट्ट्यासारखा चिकटे आणि तो नखाने खरवडून काढणे हा कार्यालयांतील एक नित्यविधी होऊन बसला. चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना त्याची आठवण असेल.

याच सुमारास, १९८० च्या आसपास, प्रकाशाने चालणारे माऊसही निघाले. त्यांतील एका प्रकाराला स्वतःची खास चटई लागे. धातूच्या पातळ पत्र्यावर बारीक रेघांची जाळी छापलेली असे आणि माऊस त्या रेघा मोजून आपण किती सरकलो ते ठरवी. चटई हरवली की माऊस निरुपयोगी. चुकून ती आडवी ठेवली तर हात उजवीकडे आणि बाण वर, असा चमत्कार होई. त्या माऊसच्या लेखी चटई हा शरीराचा अवयवच होता. पुढे १९९९ साली मायक्रोसॉफ्टने नव्या पद्धतीचा माऊस बाजारात आणला आणि आता चटईची गरज उरली नाही, असे गाजवले गेले. त्या दिवसापासून ‘मॅट कशाला?’ हा प्रश्न जन्मला. बेळगावच्या भगिनींच्या प्रश्नाचे मूळ असे पाव शतकामागे जाते.

आज आपल्या टेबलावर असतो तो या नव्या पद्धतीचाच माऊस. त्याच्या पोटात एक लहानसा दिवा आणि एक अतिसूक्ष्म कॅमेरा असतो. दिवा पृष्ठभागावर तिरपा उजेड पाडतो. सायंकाळच्या तिरप्या उन्हात जसा रस्त्यावरचा खडा न् खडा सावलीसह उठून दिसतो, तसे त्या उजेडात कापडाचे धागे, कागदाचे तंतू, लाकडाच्या शिरा उठून दिसतात. कॅमेरा सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे घेतो, एक चित्र मागच्या चित्राशी ताडून पाहतो आणि खुणा किती सरकल्या यावरून हात किती सरकला हे ठरवतो. म्हणजे या साधनाला ओळखण्यासाठी खुणा हव्यात. काचेला खुणा नसतात, आरशाला नसतात, चकचकीत पांढऱ्या सनमायक्याला असल्या तरी फार थोड्या असतात. तेथे कॅमेऱ्याची अवस्था दाट धुक्यातल्या वाटसरूसारखी होते. बाण थबकतो, मग एकदम कोपऱ्यात उडी मारतो. काचेवरही चालणारा माऊस लॉजिटेक कंपनीने २००९ साली काढला, पण तो महागाचा. सामान्य घरात आणि शाळेत जो माऊस येतो त्याला काच चालत नाही.

आपल्याकडील अधिकाऱ्यांच्या टेबलावर काच असते, काचेखाली देवाची तसबीर, दूरध्वनीचे क्रमांक आणि गेल्या वर्षीचे कॅलेंडर. साहेबांचा माऊस त्या काचेवर बिचकतो, म्हणून साहेब त्याच्याखाली एक फाईल सरकवतात. नागरिकाची फाईल साहेबांच्या हाताखाली दिसते आणि तरीही पुढे सरकत नाही, याचे कारण काही ठिकाणी इतके साधे असते!

आता आमच्या गावाकडे येतो. सुपे धरणाच्या पायथ्याशी, काळी नदीच्या काठी, जोयडा तालुक्यातील हे गणेशगुडी. धरण १९८७ साली पूर्ण झाले. १०१ मीटर उंचीच्या त्या भिंतीमागे जुने सुपे गाव आणि तालुक्याचे ठाणे पाण्याखाली गेले. पायथ्याच्या वीजगृहात पन्नास-पन्नास मेगावॉटची दोन यंत्रे फिरतात. वीज येथेच निर्माण होते म्हणून ती येथे कधी जात नाही, असे मात्र कोणी समजू नये. आषाढात झाड तारेवर पडले की आम्हीही इतरांसारखे कंदील शोधतो. आसपासच्या रानातील कुणबी आणि धनगर गवळ्यांच्या वाड्यांवरून मुले शाळेत येतात. घरी कोकणी किंवा मराठी बोलतात, शाळेत कन्नड शिकतात आणि संगणकाच्या पडद्यावर इंग्रजी पाहतात. शाळेत चालू स्थितीतील संगणक सहा. वर्गात मुले पस्तीसच्या घरात. चाळीस मिनिटांच्या तासात एका संगणकापाशी सहा मुले बसली, तर एकाच्या हातात माऊस सात मिनिटेही राहत नाही. तोही तास आठवड्यातून एकदा आणि वीज असेल तर.

या सात मिनिटांचे मोल शहरातल्या पालकांच्या सहज लक्षात यायचे नाही. त्यांच्या मुलाने बालवाडीच्या आधीच टॅबलेट हाताळलेला असतो. वाडीवरच्या मुलानेही आता मोबाईल पाहिला आहे, हे खरे. परंतु मोबाईल आणि माऊस यांत एक मूलभूत भेद आहे. मोबाईलवर बोट जेथे टेकले तेथेच चित्र हलते. कारण आणि कार्य एकाच जागी. माऊसच्या बाबतीत हात टेबलावर, बाण पडद्यावर, हात आडवा सरकतो तर बाण उभा चढतो. या दोहोंचे नाते मुलाला मनात जुळवावे लागते आणि ते जुळते एकाच मार्गाने: हात इतका हलला की बाण इतका हलतो, हा अनुभव पुनःपुन्हा, न चुकता आल्याने. सायकल शिकताना हँडल कधी वळले आणि कधी वळलेच नाही, तर कोणता मुलगा सायकल शिकेल? टेबलाच्या चकचकीत पृष्ठभागामुळे बाण दर चार हालचालींमागे एकदा उडी मारू लागला, तर शिकण्याची क्रियाच खंडित होते.

आणि मूल दोष कोणाला देते? यंत्राला कधीच नाही. यंत्र सरकारकडून आलेले, नवे, महागाचे. त्याला कुलूप असते, त्याच्या खोलीत चपला काढून जायचे असते. एवढ्या थोर वस्तूची चूक असेल, हे त्या मुलाच्या स्वप्नातही येत नाही. आमच्या सातवीच्या वर्गातील एका मुलीने दोन-तीन आठवडे हा प्रकार सोसला. बाण फोल्डरवर नेते, बोट दाबते आणि त्या क्षणी बाण दुसरीकडेच. तिसऱ्या आठवड्यात तिने आपली पाळी आपण होऊन शेजारणीला देऊन टाकली. संगणकाच्या शिक्षिकेने विचारले तेव्हा म्हणाली, ‘‘बाई, माझा हात वळत नाही.’’ हाच हात घरी भाताची रोपे लावतो, रंगपंचमीची पिचकारी नेमकी मारतो, गणिताच्या वहीत सुवाच्य आकडे काढतो. बाईंनी तिच्या दप्तरातले परीक्षेचे पॅड काढले, तेच तपकिरी पुठ्ठ्याचे, वर चिमटा असलेले, आणि उलटे करून माऊसखाली ठेवले. बाण शहाण्यासारखा चालू लागला. मुलीने उरलेल्या चार मिनिटांत चित्रकलेच्या फलकावर एक तुळशीवृंदावन काढले. थोडे वाकडे, पण पणतीसकट.

हात वळत नाही, हा ग्रह केवळ मुलांचाच होतो असे नाही. महाराष्ट्रात २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने लक्षावधी मराठी माणसांना संगणकाची पहिली ओळख करून दिली. त्या वर्गांत विशीतल्या मुलांशेजारी निवृत्तीला टेकलेले लिपिक आणि शिक्षकही बसत, कारण शासकीय सेवेत ती अर्हता मागितली जाऊ लागली होती. आयुष्यभर टाकाने आणि पेनाने सरळ ओळी लिहिलेला माणूस पडद्यावरच्या बाणापुढे घामाघूम होतो, हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना माझे म्हणणे लगेच पटेल. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीत १९९० साली पत्त्यांचा जो खेळ घातला, तो लोकांना वस्तू धरून ओढणे आणि सोडणे शिकवण्यासाठी होता, असे सांगतात. कचेरीत पत्ते खेळणाऱ्या लिपिकांना हा एक सन्मान्य बचाव आहे.

शाळेसाठी चटया मिळवण्याची कथा लांबवत नाही. संगणक पुरवणाऱ्याने पडदे, कळफलक, माऊस, टेबले, टेबलांवर घालायचे रेक्झिनचे चकचकीत आच्छादनही दिले होते. चटई दिली नव्हती. वरच्या कचेरीत विचारणा केली तेव्हा या वस्तूला खर्चाचे शीर्ष नाही, असे उत्तर मिळाले. सरकारी कारभारात ज्या वस्तूला शीर्ष नाही तिला अस्तित्वही नाही. त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. शेवटी शाळेच्या समितीतील एका पालकांनी गोव्याहून येताना एकच मोठी, संपूर्ण टेबलभर पसरायची कापडी चटई आणली. नव्वद सेंटिमीटर लांब आणि चाळीस रुंद. ती कात्रीने कापून तीस बाय वीसचे सहा तुकडे निघाले. कापलेल्या कडांचे धागे सुटू लागले, तेव्हा गावातल्या शिंप्याने त्यांना गोठ मारून दिली आणि पैसे घेतले नाहीत. सहा संगणकांचा प्रश्न एका चटईच्या किमतीत सुटला. ज्यांच्या शाळांना किंवा वाचनालयांना असाच प्रश्न आहे, त्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा.

मग चांगली चटई कोणती? बाजारात गेलात तर डोळे दिपतात. कडेने रंगीत दिवे लागणारी, ड्रॅगनची चित्रे असलेली, हजार-दोन हजारांच्या घरातली चटईही मिळते. खेळणाऱ्या तरुणांसाठी तिच्यात दोन जाती असतात. एक वेगासाठी, एक ताब्यासाठी. पहिलीचे कापड गुळगुळीत विणीचे, दुसरीचे थोडे दाट आणि अडणारे. कॅरमवर पावडर टाकायची की पुसायची, तोच हा वाद. फक्त आता तो परदेशी नावाने महाग विकला जातो. ज्या मुलाला स्पर्धांतून खेळायचे आहे त्याने त्यात जरूर पडावे. घरच्या कामाला ताब्याची साधी चटई उत्तम आणि ती दोन-तीनशे रुपयांच्या आत मिळते. कापड एकरंगी आणि बिनचकाकीचे पाहावे. कड शिवलेली असावी, कारण चटई मरते ती कडेपासून. बूड खऱ्या रबराचे, टेबलाला धरून राहणारे असावे; दुकानातच ती काउंटरवर ठेवून तळव्याने ढकलून पाहावी. सरकली तर परत द्यावी. पोळपाटाखालचे फडके आपल्या जागी राहत नसेल तर ते घालायचे तरी कशाला? जाडी तीन-चार मिलिमीटर पुरे.

फुकट मिळणाऱ्या चटईविषयी भगिनींनी विशेष विचारले आहे. औषधाच्या किंवा विम्याच्या कंपनीने वाटलेल्या या चटया बहुधा पातळ फोमच्या असतात, वर चकचकीत प्लास्टिक आणि त्यावर कोणाचे तरी हसरे कुटुंब. काही महिन्यांत कोपरे वर वळतात आणि माऊस त्या कोपऱ्यांना ठेचाळतो. फार भडक चित्रांवर जुन्या धाटणीचे माऊस अडखळतातही. चांगली असेल तर वापरावी, पण फुकट आहे म्हणून चांगली मानू नये. तिच्यापेक्षा जुन्या कालनिर्णयाचे पान चौघडी घालून ठेवलेले बरे. कागदाला तंतू असतात, छपाईला खुणा असतात, माऊस त्यावर झकास चालतो. पान सरकते आणि चार दिवसांत फाटते, एवढाच त्याचा दोष. परराज्यात राहणाऱ्या मराठी घरात जुन्या कालनिर्णयाची पाने वह्यांच्या वेष्टनापासून फडताळाच्या कप्प्यापर्यंत सर्वत्र वावरतात, त्यांनी ही सेवाही करावी.

मनगटाखाली मऊ उंचवटा असलेली एक जेलची चटई मिळते. ती आरोग्यासाठी उत्तम, असे विक्रेते सांगतात. येथे थोडे सावध राहावे. मनगटाच्या आतल्या बाजूला एका अरुंद बोगद्यातून अंगठ्याकडे आणि पहिल्या बोटांकडे जाणारी मज्जातंतूची दोरी असते. ती दाबली गेली की मुंग्या येतात, बधिरपणा येतो. मऊ असला तरी तो उंचवटा नेमक्या त्याच जागी टेकतो. काम थांबवून हात विसावण्यापुरता तो ठीक. माऊस चालवताना मनगट त्यावर रोवून बसणे बरे नव्हे. हात कोपरापासून हलवावा, मनगट सरळ ठेवावे. त्यासाठी उंचवट्यापेक्षा चटईची लांबी-रुंदी अधिक उपयोगी पडते. लहान मुलांच्या बाबतीत तर खरा दोष टेबलाच्या उंचीचा असतो. मोठ्यांच्या टेबलाशी बसलेल्या तिसरी-चौथीच्या मुलाचे खांदे कानांपाशी जातात आणि मनगट वाकडे होते. त्याच्या खुर्चीवर जाड उशी आणि पायांखाली पाट द्यावा. ही व्यवस्था कोणत्याही चटईने होत नाही.

आणखी एक गोष्ट वृद्ध वाचकांसाठी. आपल्यापैकी पुष्कळांची मुले-नातवंडे आता पुणे-मुंबईच्याही पलीकडे, समुद्रापार आहेत. रविवारी सकाळी आजी संगणकासमोर बसते, नातवाच्या हाकेला उत्तर द्यायला हिरव्या बटणावर बाण नेते आणि बोट दाबता दाबता हात थरथरल्याने बाण घसरतो, हाक तुटते. तिला वाटते, आपल्याला हे जमायचे नाही. अशा घरी चटई घेण्याआधी, एक पैसाही खर्च न करता, दोन गोष्टी कराव्यात. माऊस उलटा करून त्याच्या पोटावरच्या छिद्रात केस किंवा कापूस अडकला आहे का ते पाहावे आणि तळाच्या पायांवरचा मळ कोरड्या फडक्याने पुसावा. मग संगणकाच्या मांडणीत जाऊन बाणाचा वेग कमी करावा. वेग निम्म्यावर आणला की हाताचा कंपही पडद्यावर निम्माच दिसतो. यानंतर ताब्याची, दाट विणीची चटई दिली तर आजीची हाक तुटणार नाही.

तेव्हा भगिनींना उत्तर असे. नातवाचे टेबल साध्या लाकडाचे, बिनचकाकीचे, एकसारखे असेल, तर माऊसला चटईची गरज नाही. नातू ती हौसेने मागतो आहे असे समजावे आणि हौस पुरवायची की नाही हे आजीने आपल्या अधिकारात ठरवावे. टेबलावर काच, रेक्झिन किंवा चकचकीत सनमायका असेल, टेबल जुने होऊन त्याला खाचा पडल्या असतील, किंवा त्या संगणकावर घरातील लहानथोर सगळेच हात बसवीत असतील, तर चटई घ्यावी आणि चांगली घ्यावी. टेबल पाहूनच निर्णय करावा. त्यासाठी परीक्षेचे पॅड एक संध्याकाळभर माऊसखाली घालून पाहिले की दोन्हींतला फरक आपोआप कळेल.

बेळगावची आणि आमची हवा पावसाळ्यात सारखीच दमट, म्हणून निगेविषयी दोन शब्द. आषाढ-श्रावणात कापडी चटईला बुरशीचे पांढरे ठिपके येतात आणि कुबट वास सुटतो. महिन्यातून एकदा ती गार पाण्यात साध्या साबणाने, कपड्याच्या मऊ ब्रशने हलकेच घासून धुवावी. पिळू नये, त्याने रबर आणि कापड विलग होतात. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावी आणि वाऱ्याला सपाट वाळवावी. उन्हात टाकली तर रबर कडक होते, चुलीजवळ किंवा इस्त्रीने वाळवली तर वाकडी होते. आमच्याकडे सहाही चटया शनिवारी दुपारी व्हरांड्यातील दोरीऐवजी बाकांवर पसरतात, आणि सोमवारी कोणाची चटई कोणत्या संगणकाची यावरून मुलांचे भांडण होते, म्हणून बाईंनी आता त्यांच्या मागे खडूने क्रमांक घातले आहेत. खडू पुसला जातो. काही टिकाऊ उपाय कोणा वाचकास ठाऊक असल्यास अवश्य कळवावा.